‘सिव्हिल’ला मराठीत काय म्हणतात?

‘सिव्हिल कोर्ट’ म्हणजे दिवाणी न्यायालय. ‘सिव्हिल इंजिनिअरिंग’ म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकी. ‘सिव्हिल वॉर’ म्हणजे यादवी. ‘सिव्हिल सर्व्हिस’ एकेकाळी मुलकी नोकरी होती, आता ती नागरी सेवा झाली आहे. ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ म्हणजे सविनय कायदेभंग. आणि ‘सिव्हिल हॉस्पिटल’ म्हणजे सिव्हिल! “पेशंटला सिव्हिलला हलवले” एवढे म्हटले की कोणत्याही जिल्ह्यात अर्थ पोहोचतो.

इंग्रजीतले एकच विशेषण आणि मराठीत त्याला किमान सहा प्रतिशब्द. शब्दकोश ‘अनेकार्थी शब्द’ एवढी नोंद करून मोकळा होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र इथे थांबता येत नाही. यातला प्रत्येक मराठी शब्द विशिष्ट काळी, विशिष्ट गरजेपोटी निवडला गेला आहे आणि त्या निवडीचे परिणामही झाले आहेत. आजचा धागा त्यांविषयी.

मूळ शब्द लॅटिन. ‘सिविस’ म्हणजे रोमचा नागरिक आणि ‘सिविलिस’ म्हणजे नागरिकाशी संबंधित. रोमन लोकांनी आपापसातल्या युद्धाला याच विशेषणाने ओळखले, कारण ते युद्ध परक्याशी नव्हते, नागरिकाचे नागरिकाशी होते. मराठीने यासाठी भाषांतर केलेच नाही, थेट महाभारताचे मौसलपर्व उघडले. प्रभासक्षेत्री यादव एकमेकांच्या हातून मेले, म्हणून ‘यादवी’. अलीकडे वर्तमानपत्रांत ‘नागरी युद्ध’ असा शब्दशः अनुवाद दिसू लागला आहे. तो वाचला की नळाच्या पाण्यावरून दोन प्रभागांत जुंपली असावी असे वाटते.

या विशेषणाची एक खोड आहे. त्याला स्वतःचा अर्थ फारसा नाही. ते ज्याच्या विरुद्ध उभे असेल, त्यावरून त्याचा अर्थ ठरतो. समोर सैन्य असेल तर ‘सिव्हिल’ म्हणजे बिनलष्करी. समोर गुन्हा असेल तर खाजगी तंट्याचे. समोर चर्च असेल तर ऐहिक. समोर उद्धट माणूस असेल तर सभ्य. म्हणून या शब्दाचा इतिहास शोधायचा तर प्रत्येक वेळी आधी त्याचा प्रतिस्पर्धी शोधावा लागतो.

हिंदुस्थानात हा प्रतिस्पर्धी बहुतेक वेळा लष्कर होता. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर दोन प्रकारचे होते, लष्करी आणि सिव्हिल. यातील सिव्हिल नोकर मुळात व्यापारी होते. पुढे त्यांच्याकडे महसूल आणि न्यायदान आले व व्यापार सुटला, पण विशेषण तेच राहिले. ‘सिव्हिलियन’ हा शब्द इंग्लंडात पूर्वी रोमन कायद्याच्या पंडितासाठी वापरत, हिंदुस्थानात त्याचा अर्थ सनदी अधिकारी असा झाला, आणि आज युद्धाच्या बातमीत तोच शब्द बॉम्बहल्ल्यात मरणाऱ्या निःशस्त्र माणसासाठी येतो. १८६३ साली ही परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर. त्यांची बहुतेक कारकीर्द मुंबई इलाख्यात गेली आणि साताऱ्यासही ते न्यायाधीश होते.

मराठीने या नोकरीला ‘मुलकी’ म्हटले. मूळ अरबी ‘मुल्क’ म्हणजे राज्य, प्रदेश. फौजेचा कारभार तो लष्करी आणि मुलखाचा तो मुलकी, इतकी सरळ विभागणी. पण गावपातळीवर उतरताच अर्थ बदलला. मुंबई इलाख्यात मुलकी पाटील आणि पोलीस पाटील असे दोन पाटील असत. तिथे मुलकी म्हणजे सारा वसूल करणारा. मराठवाड्यातल्या वाचकांना तर हा शब्द तिसऱ्याच अर्थाने परिचित असेल. निजामाच्या राज्यात ‘मुल्की’ म्हणजे स्थानिक रहिवासी आणि ‘गैरमुल्की’ म्हणजे बाहेरचा. कोणाला नोकरी मिळावी, हा झगडा तिथे याच दोन शब्दांत लढला गेला.

शहरांच्या नकाशातही ही विभागणी दिसते. नागपुरात छावणी कामठीला, म्हणून साहेबांची वस्ती ‘सिव्हिल लाइन्स’. आज विधानभवन आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ तिथेच आहे. पुण्यात उलट झाले. तिथे वेगळे नाव मिळाले ते ‘लष्कर’ किंवा ‘कॅम्प’ला, उरलेले शहर नुसते पुणे राहिले.

अभियंत्यांची गोष्टही तीच. युरोपात इंजिनिअर म्हणजे किल्ले, खंदक आणि तोफांचे मोर्चे बांधणारा. एडिस्टनचे दीपगृह बांधणाऱ्या जॉन स्मीटनने अठराव्या शतकात स्वतःला ‘सिव्हिल’ इंजिनिअर म्हणवून घेतले, ते आपण लष्करातले नव्हे हे सांगण्यासाठी. १७७१ मध्ये त्याने व त्याच्या सहव्यावसायिकांनी लंडनमध्ये आपली संस्थाही काढली. हिंदुस्थानात मात्र कंपनीची सार्वजनिक बांधकामे दीर्घकाळ लष्करी मंडळाकडेच होती. १८५० च्या दशकात डलहौसीने स्वतंत्र बांधकाम खाते उभे केले आणि त्याच सुमारास, १८५४ मध्ये, पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. विश्वेश्वरय्या पुढे इथलेच विद्यार्थी. ‘स्थापत्य’ हा शब्द अतिशय देखणा आहे, पण त्यात लष्कराशी झालेल्या फारकतीचा मागमूसही नाही.

सर्वांत गंमत सिव्हिल सर्जनची. हे पद बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्याकडे असे आणि ती सेवा लष्करी होती. म्हणजे जिल्ह्याचा ‘सिव्हिल’ सर्जन नावापुढे कॅप्टन किंवा मेजर लावत असे!

आता दिवाणीकडे वळू. इथे प्रतिस्पर्धी लष्कर नाही, फौजदारी आहे. मुघल सुभ्यात दिवाणाकडे महसूल आणि त्याअनुषंगाने येणारे मालमत्तेचे तंटे असत. बंदोबस्त आणि गुन्हे यांचा कारभार नाझिम व त्याच्या हाताखालचे फौजदार पाहत. १७६५ मध्ये शाह आलमने कंपनीला बंगालची दिवाणी दिली. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्याजिल्ह्यांत दोन अदालती नेमल्या, एक दिवाणी आणि एक फौजदारी. इंग्रजी कायद्यातला सिव्हिल आणि क्रिमिनल हा भेद मुघल कारभाराच्या तयार खुंट्यांवर असा टांगला गेला.

आपल्याकडे १८१८ नंतर एल्फिन्स्टनच्या काळात आणि १८२७ च्या त्याच्या कायदेसंहितेसोबत ही चौकट पक्की झाली. त्यापूर्वी गोतसभा वतनाचे तंटे सोडवी आणि महजर लिहून देई, तेव्हा अशी काटेकोर विभागणी नव्हती. आज फौजदार म्हटले की पोलीस ठाण्यातला उपनिरीक्षक आठवतो. दिवाण मात्र बैठकीच्या खोलीतले लाकडी आसन होऊन बसला आहे. न्यायालयाच्या पाटीवर तेवढा तो टिकला.

पण दिवाणी म्हणजे निव्वळ जमीनजुमल्याचा, माणसाच्या अंगाला न लागणारा कायदा, अशी समजूत असेल तर रखमाबाईंचा खटला वाचावा. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. हा दावा पूर्णतः दिवाणी होता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर तो पुन्हा सुनावणीला आला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद होती. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले.

या खटल्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. इंग्लंडात तो चर्चच्या न्यायालयांचा होता, म्हणजे ‘सिव्हिल’च्या नेमक्या विरुद्ध बाजूचा. हिंदुस्थानात येताना त्याने दिवाणी कोट चढवला. आणि ज्या १८८४ साली दादाजींनी दावा लावला, त्याच साली ब्रिटिश पार्लमेंटने या कारणासाठी होणारी तुरुंगवासाची शिक्षा इंग्लंडपुरती रद्द केली.

याच कायद्याच्या ‘सिव्हिल’ची आणखी एक फाटाफूट आहे. १९०८ च्या ‘सिव्हिल प्रोसीजर कोड’ला आपण दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणतो. ‘युनिफॉर्म सिव्हिल कोड’ला मात्र समान नागरी कायदा. दोन्हीकडचा ‘सिव्हिल’ एकच आहे. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांचा मुद्दा असा होता की मालमत्तेचे हस्तांतरण, करार, न्यायालयीन प्रक्रिया अशा जवळजवळ सगळ्या क्षेत्रांत समान कायदा देशात आधीच आहे. विवाह आणि वारसा एवढाच कोपरा उरला आहे. मराठीत आपण ‘समान दिवाणी कायदा’ म्हटले असते तर हा मुद्दा शब्दातच दिसला असता. ‘नागरी’ म्हटल्यामुळे चर्चा लग्न, घटस्फोट आणि वाटणीवरून सरकते आणि ‘खरा नागरिक कोण’ या प्रश्नाकडे जाते. समान कायदा हवा की नको, याविषयी मी इथे काही म्हणत नाही. पण प्रतिशब्दाने चर्चेची दिशा वळवल्याचे याहून ठळक उदाहरण मला मराठीत सापडलेले नाही.

‘सभ्य’ हा अर्थ राहिला. सभेत शोभणारा तो सभ्य आणि नगरात मुरलेला तो नागर, ही संस्कृतची वाट लॅटिनच्या वाटेला समांतर जाते. दोन्हीकडे खेडूत बिचारा असभ्य ठरतो. ‘सिव्हिलायझेशन’ हा शब्द अठराव्या शतकात नवा होता. बॉसवेलने १७७२ मध्ये तो कोशात घेण्याची शिफारस केली, पण सॅम्युअल जॉन्सनने ती मानली नाही. त्याला ‘सिव्हिलिटी’ पुरेसा वाटला.

हा सौजन्याचा अर्थ शंभर वर्षांपूर्वी आपल्या राजकारणाच्या मध्यभागी आला. हेन्री डेव्हिड थोरो १८४६ मध्ये कर न भरल्याबद्दल एक रात्र तुरुंगात राहिला. १८४९ मध्ये छापलेल्या त्याच्या निबंधाच्या शीर्षकात ‘सिव्हिल’ हे सरकारचे विशेषण होते. नागरी शासनाला प्रतिकार, असे ते शीर्षक. थोरो १८६२ मध्ये वारला आणि १८६६ च्या संग्रहात तोच निबंध ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ या नावाने आला. विशेषण सरकारला सोडून अवज्ञेला चिकटले.

गांधीजींनी हे शब्द घेतले. ही कल्पना आपण थोरोकडून उचलली हे म्हणणे मात्र त्यांनी १९३५ मध्ये भारत सेवक समाजाच्या पी. कोदंडराव यांना लिहिलेल्या पत्रात खोडून काढले. दक्षिण आफ्रिकेतला लढा निबंध हाती येण्याआधीच पुढे गेला होता. इंग्रजी वाचकांना समजावे म्हणून शब्द थोरोचा घेतला, असे त्यांचे म्हणणे. त्या विशेषणात त्यांनी स्वतःचा अर्थ भरला. जानेवारी १९२२ मध्ये ‘यंग इंडिया’त त्यांनी बजावले की या जोडशब्दात ‘सिव्हिल’ला ‘डिसओबीडियन्स’पेक्षा अधिक वजन दिले पाहिजे, सौजन्य, शिस्त आणि अहिंसा नसलेली अवज्ञा म्हणजे विनाश. पुढच्याच महिन्यात चौरीचौरा घडले आणि त्यांनी आंदोलन थांबवले. ज्यांना हा निर्णय अनाकलनीय वाटतो, त्यांनी तो जानेवारीतला मजकूर आधी वाचावा.

मराठीने, आणि हिंदी-गुजरातीनेही, या ठिकाणी ‘सविनय’ निवडले. थोरोचा अर्थ घ्यायचा असता तर ‘नागरी कायदेभंग’ म्हणता आले असते. सरकारने विनयाची अपेक्षा करावी हे समजू शकते. इथे कायदा मोडणाराच तो स्वतःवर लादून घेत होता.

मे १९३० मध्ये सोलापुरात या विशेषणाचे दोन अर्थ समोरासमोर आले. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरणी कामगारांनी संप केला. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, जमावाने पोलिसांवर हल्ले केले, न्यायालयाची इमारत पेटली. सविनय हा शब्द त्या दिवशी टिकला नाही. १२ मे रोजी सरकारने मार्शल लॉ पुकारला, म्हणजे मुलकी अंमलही बाजूला ठेवला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांवर पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.