इतिहास संशोधन : प्राथमिक आणि दुय्यम साधनांतील फरक

इतिहासाच्या साधनांचे प्राथमिक आणि दुय्यम असे दोन प्रमुख वर्ग मानले जातात. घटनेच्या काळात निर्माण झालेली पत्रे, फर्माने, हिशेब, शिलालेख, ताम्रपट व नाणी ही प्राथमिक साधने होत. त्यांच्या आधारे नंतर लिहिलेली चरित्रे, ग्रंथ व लेख दुय्यम साधनांत मोडतात.

हा फरक किती निर्णायक ठरतो, हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादातून दिसते. उत्तरकालीन बखरींच्या आधारे जन्मवर्ष १६२७ असे दीर्घकाळ मानले जात होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद आढळली. महाराजांच्या आश्रयातील कवींद्र परमानंद यांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही हीच तिथी आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये ही तारीख स्वीकारली.

शकावली आणि काव्य ही दोन्ही साधने जन्मानंतर काही दशकांनी लिहिली गेली. तरीही ती घटनेच्या अधिक जवळची असून, भिन्न स्वरूपाची असतानाही एकच तिथी देतात. यामुळे त्यांच्या साक्षीला वजन प्राप्त झाले.

साधनाचा वर्ग प्रश्नावरही अवलंबून असतो. एकोणिसाव्या शतकातील बखर सतराव्या शतकातील घटनेसाठी दुय्यम असली, तरी ती लिहिणाऱ्यांच्या काळातील इतिहासदृष्टी अभ्यासताना तीच प्राथमिक साधन ठरते. मूळ पत्रांचे छापील संग्रह प्राथमिक साधन म्हणून वापरता येतात. मात्र संपादकाची निवड, वाचन व टिपा यांची शहानिशा करावी लागते.

मूळ कागदपत्रांसाठी दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागार, पुण्यातील पेशवे दप्तर व १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, तसेच मोडी कागदपत्रे जतन करणारे तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय ही महत्त्वाची केंद्रे आहेत. राष्ट्रीय अभिलेखागारातील अनेक कागदपत्रे ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरही पाहता येतात. अभ्यासाचा आरंभ दुय्यम ग्रंथापासून करून, त्याच्या तळटीपांवरून मूळ कागदापर्यंत पोहोचणे सोयीचे ठरते.

कागद हाती आल्यावर तो कोणी, केव्हा, कोणासाठी व कोणत्या हेतूने लिहिला, तसेच तो अस्सल आहे की नक्कल, हे तपासावे. प्राथमिक साधनही पक्षपाती असू शकते; म्हणून दुसऱ्या स्वतंत्र साधनाशी पडताळणी केल्याविना निष्कर्ष काढू नये.