मार्कंडेयकाठचे हिंडलगा

एखाद्या गावाची कीर्ती एकाच खुणेभोवती गोळा झाली म्हणजे त्या गावाचा उरलेला इतिहास झाकोळून जातो. बेळगावनजीकच्या हिंडलग्याचे असेच झाले आहे. हिंडलगा म्हटले की मध्यवर्ती कारागृह, हे समीकरण दूरस्थांच्या मनात पक्के बसलेले असते. वस्तुतः ते कारागृह १९२३ सालचे. गाव त्याहून पुष्कळ जुने. या गावास नदी आहे, घाट उतरून समुद्रास मिळणारा मार्ग आहे, शिवार आहे, देव आहे. घाटाखालच्या देवस्थानांशी कुलाचाराने बांधलेली आणि घाटावर स्थायिक झालेली जी अनेक कुटुंबे बेळगाव परिसरात नांदत आहेत, त्यांच्या प्रवासाची वाट याच बाजूने गेलेली असल्यामुळे हिंडलग्याचा वृत्तान्त हा काही अंशी त्या कुटुंबांचाही वृत्तान्त होय.

एका सह्याद्रीच्या दोन नद्या

खानापूर तालुक्यातील सह्याद्रीचा माथा ही मोठी नवलाची भूमी आहे. याच मुलखात देगावनजीक म्हादई उगम पावते आणि पश्चिमेकडे वळून, गोव्यात मांडवी हे नाव धारण करून, पणजीपाशी अरबी समुद्रास मिळते. याच मुलखात, बैलूरच्या डोंगराळ भागात, मार्कंडेय नदीचा उगम मानला जातो. परंतु ती पूर्वेची वाट धरते. राकसकोप, उचगाव, हिंडलगा, कंग्राळी अशा गावांच्या शिवारांतून वाहत ती पुढे गोकाक तालुक्यात शिरते, गोडचिनमलकी येथे धबधब्याच्या रूपाने खाली झेपावते आणि घटप्रभेस मिळते. घटप्रभा कृष्णेस व कृष्णा पूर्व समुद्रास, असा तिचा पुढील क्रम आहे. एकाच डोंगराच्या कुशीत जन्मलेल्या या दोघी बहिणी दोन समुद्रांना दिल्या गेल्या. बेळगावकर महाजन कुटुंबांचे जीवनही असेच दोन्हीकडे वाटले गेलेले आहे. पिण्यास पाणी मार्कंडेयेचे आणि कार्यारंभी कौल घ्यावयाचा तो म्हादईच्या मुलखातील कुलदेवतेचा, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे.

घाटावरील व घाटाखालील प्रदेशांचे हे नाते अर्वाचीन नव्हे. गोव्याच्या कदंब राजांची सत्ता घाटाच्या दोन्ही अंगांस होती आणि खानापूर तालुक्यातील हलशी ही त्यांची दुसरी राजधानी होती. वेणुग्राम म्हणजेच आजचे बेळगाव त्यांच्याकडून सौंदत्तीच्या रट्ट राजांकडे गेले. चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बेळगावच्या किल्ल्यात १२०४ मध्ये बांधविलेली कमलबस्ती आजही उभी आहे. पुढे यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मराठे अशा सत्ता आल्या व गेल्या. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बार्देश व साष्टी या महालांतील देवळे पाडली, तेव्हा अनेक देवतांची स्थलांतरे झाली. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळास गेला, हे सर्वश्रुत आहे. देवांमागोमाग माणसेही हलली. कोणी अंत्रुज महालात राहिले, कोणी कारवार-मंगळूरकडे गेले, कोणी सावंतवाडीच्या मुलखात स्थिरावले, तर कोणी घाट चढून वर आले. व्यापार, लेखणी आणि शिक्षण यांच्या बळावर त्यांनी बेळगावात आपली घरे उभी केली.

वेंगुर्ल्याचा रस्ता

१८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल मन्रो याने बेळगावचा किल्ला घेतला आणि तेथे इंग्रजांची छावणी वसली. छावणीस समुद्राशी जोडणारे बंदर हवे होते. वेंगुर्ले त्यापूर्वीच, १८१२ मध्ये, सावंतवाडीकरांकडून इंग्रजांच्या ताब्यात आले होते. बंदरात उतरलेला माल रामघाटाने वर येऊ लागला. पुढे आंबोली घाटातून गाडीरस्ता झाला आणि वेंगुर्ले-बेळगाव रस्त्यास खरी बरकत आली. वर येताना मीठ, नारळ, सुपारी, मसाल्याचे जिन्नस. खाली जाताना कापूस व धान्य, अशी ही देवघेव होती. बेळगावात शिरण्यापूर्वी गाडीवानांस लागणाऱ्या अखेरच्या गावांपैकी हिंडलगा हे एक होते. या दृष्टीने त्यास बेळगावचा पश्चिमेकडील उंबरठा म्हणावयास हरकत नाही.

आगगाडी आल्यावर चित्र पालटले. १८८८ पर्यंत बेळगाव लोंढ्यामार्गे मुरगाव बंदराशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. तरीही रस्ता ओस पडला नाही. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडील आप्तांकडे जाणाऱ्या कुटुंबांना हाच मार्ग होता. १९५५ च्या सत्याग्रहानंतर गोव्याची सीमा बंद झाली आणि कुलदेवतेच्या जत्रेस जाणे दुर्घट झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात या मार्गावरील आंबोलीच्या रानातून गोवामुक्तीसाठी गुप्त नभोवाणी केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. पुढे ते केंद्र कॅसलरॉकला हलविण्यात आले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या उभयतांनी ते १९६१ पर्यंत चालविले. त्या वर्षीच्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या सैनिकी कारवाईची जमवाजमव बेळगावातच झाली. १९ डिसेंबर १९६१ नंतर देवदर्शनाची वाट पुन्हा मोकळी झाली.

कारागृह आणि स्मारक

हिंडलग्याचे कारागृह उभे राहिले तो काळ राष्ट्रीय चळवळीचा होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२४ च्या डिसेंबरात, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी भूषविलेले काँग्रेसचे ते एकमेव अध्यक्षपद होय. पुढील काळात अनेक देशभक्तांना हिंडलग्याच्या भिंतींआड दिवस कंठावे लागले. स्वातंत्र्यानंतरही ही परंपरा खंडित झाली नाही. १९५० च्या एप्रिलमध्ये, पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान दिल्लीस आले असता, स्वातंत्र्यवीर सावरकरांना प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली येथेच ठेवण्यात आले. जुलैमध्ये त्यांची मुक्तता झाली.

बेळगावच्या मराठी जनतेच्या मनातील दुसरी खूण हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक ही होय. १९४६ मध्ये बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्यसंमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच वेळी बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. त्यामुळे हिंडलग्याहून वेंगुर्ल्याकडे निघालेल्या माणसास थोड्याच अंतरावर, शिनोळीपाशी, राज्याची सीमा ओलांडावी लागते. रस्ता तोच, भाषा तीच, सोयरीक तीच. केवळ पाटीवरील अक्षरे बदलतात. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात झालेल्या गोळीबारात जे बळी पडले, त्यांचे स्मारक हिंडलग्यात आहे आणि दरवर्षी १ जून रोजी तेथे अभिवादन केले जाते. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यामुळे हा प्रश्न न्यायासनापुढे गेलेला आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. घरोघरीच्या बोलण्यात मात्र बेळगावच टिकून आहे.

आजचे हिंडलगा

आज बेळगाव आणि हिंडलगा यांच्यामधील अंतर केवळ छावणीच्या मोकळ्या जागेपुरते उरले आहे. शेतजमिनींवर वसाहती उठल्या. निवृत्त सैनिक, शिक्षक, नोकरदार व कारागीर यांनी येथे घरे बांधली. यमनापूरच्या अॅल्युमिनियम कारखान्याच्या कच्च्या मालावरून ओळखला जाणारा बॉक्साईट रोड आता रहदारीचा बाह्यमार्ग बनला आहे. रस्त्यालगतच्या गणपतीच्या दर्शनास बेळगावचे भाविक आवर्जून येतात. पश्चिमेकडील शिवारांत पावसाळ्यात भात व रताळी ही पिके दिसतात. येथील रताळी दूरदूरच्या बाजारपेठांत जातात. उचगाव, बेळगुंदी, कडोली यांसारख्या आसपासच्या गावांतून दरवर्षी मराठी साहित्यसंमेलने भरतात. ग्रामीण भागाने स्वतःच्या वर्गणीतून भाषेचा असा उत्सव करावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

या सर्व जीवनाचा आधार आहे मार्कंडेय नदी. राकसकोप येथे तिला बांध घालून बेळगावसाठी जलाशय करण्यात आला. तेथील पाणी हिंडलग्याच्या उपसा केंद्रात येते, तेथून लक्ष्मी टेकडीवरील शुद्धीकरण केंद्राकडे चढविले जाते आणि मग शहराच्या नळांस पोचते. पावसाळ्यात जलाशयाची पातळी २४७५ फुटांच्या पूर्ण खुणेस टेकली की बेळगावकर निश्चिंत होतात. हिडकलचे पाणी आल्यावरही राकसकोपवरील भिस्त सुटलेली नाही. म्हणजे घरी पाहुण्यापुढे ठेवलेल्या तांब्यात आणि देव्हाऱ्यातील कलशात बहुधा मार्कंडेयेचाच अंश असतो.

ज्या नदीवर इतके अवलंबून राहावयाचे तिची वागणूक कशी ठेवावयाची, हा आजचा खरा प्रश्न आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीने मार्कंडेय पात्राबाहेर आली आणि काठची भातशेते पाण्याखाली बुडाली. पूर्वजांनी पुराची जमीन भातास सोडून घरे उंचावर बांधली, ती अकारण नव्हे. आज मात्र भूखंडाचा भाव पाहिला जातो, पाण्याची वाट पाहिली जात नाही. नाले बुजले, सांडपाणी कोठे सोडावे याचा विचार मागाहून होऊ लागला, तर त्याचे फळ पुढील पिढीस भोगावे लागेल. उगमाकडील जंगल, मधला जलाशय आणि काठचे शिवार ही तिन्ही मिळून नदी होते. यांतील एकही तुटले तर उरलेली दोन टिकणार नाहीत.

महाजन कुटुंबांपुढे याखेरीज आणखी एक कर्तव्य आहे. गोव्यातील देवस्थानांचा कारभार १८८६ च्या व त्यानंतर १९३३ च्या माझानिया नियमावलीनुसार लेखी नोंदींत बद्ध झाला आणि त्यामुळे कोण कोठला महाजन हे पुढील पिढ्यांस कळू शकले. परंतु कुटुंब घाट कोणत्या वाटेने चढले, प्रथम कोठे उतरले, कोणता धंदा केला, सीमा बंद असताना कुळाचार कसा चालविला, या गोष्टी कोणत्याही नोंदवहीत नाहीत. त्या जुन्या पत्रांत, जमाखर्चाच्या वह्यांत आणि वृद्धांच्या आठवणींत आहेत. वृद्ध एकेक करून निघून जात आहेत आणि वह्यांस वाळवी लागत आहे. प्रत्येक घराने आपला एवढा वृत्तान्त जरी लिहून ठेवला, तरी देवस्थानाच्या दप्तरास त्याची जोड मिळेल आणि हिंडलग्यासारख्या गावाचा इतिहास केवळ कारागृहाच्या भिंतीपाशी थांबणार नाही. देवतेचा कौल आणि नदीचे पाणी, दोन्ही पूर्वजांकडून आपणांस मिळालेली ठेव आहे. ती जशी मिळाली तशीच, शक्य तर अधिक निर्मळ करून, पुढील पिढीच्या हाती सोपविणे हेच खरे महाजनपण होय.