जॅग्वारच्या नळीत साचलेले शिसे

मार्च १९६१. जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वार ई-टाइप अवतरली. तिच्या देखणेपणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण गाडीखाली वाकून पाहू. ३.८ लिटरच्या सहा सिलिंडरांचा धूर बिडाच्या दोन मॅनिफोल्डांतून जुळ्या नळ्यांत उतरतो आणि सायलेन्सरमधून मागे जातो.

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने निघते. गाडी थोडीच धावून थांबली, तर ते नळीत साचते आणि साधे पोलाद आतून गंजते. म्हणून जीर्णोद्धार करणारे अनेकजण स्टेनलेस स्टीलच्या नळ्या बसवतात. टिकाऊ खऱ्या, पण आवाज किंचित पत्र्यासारखा येतो, ही जुन्या शौकिनांची कुरकुर.

मॅनिफोल्ड मात्र शक्यतो मूळचेच राखतात. ते घासून त्यावर एनॅमलचा मुलामा पुन्हा भाजतात, आणि इथे इतिहास अक्षरशः हाताला लागतो. त्या काळच्या पेट्रोलमध्ये टेट्राइथिल लेड असे. त्याने इंजिनातली ‘ठकठक’ थांबते, हे १९२१ साली जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांनी हेरले. शिसे इंजिनात साचू नये म्हणून सोबत ब्रोमीनचे संयुग मिसळत; मग ते धुराबरोबर बाहेर पडे. सगळे नव्हे. काही थर वाटेतच बसला.

ब्रिटन आणि भारत, दोन्हीकडे २००० साली हे पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेले. थर मात्र जागेवर आहे. कोरडा घासला, तर साठ वर्षांपूर्वीचे शिसे आजच्या कारागिराच्या छातीत उतरते. म्हणून जाणते कारागीर आधी तो ओला करतात, मुखपट्टी बांधतात आणि धुवण गटारात सोडत नाहीत.