रास्त मूल्य (लेखाशास्त्र)

रास्त मूल्य ही लेखाशास्त्रातील मूल्यमापनाची एक संकल्पना आहे. परस्परांशी हितसंबंध नसलेल्या जाणकार व्यक्तींमध्ये, मोजमापाच्या दिवशी, कोणत्याही सक्तीविना व्यवहार झाला असता मालमत्ता विकून जी किंमत मिळेल, किंवा एखादे देणे दुसऱ्याकडे हस्तांतरित करण्यासाठी जी किंमत मोजावी लागेल, तिला रास्त मूल्य म्हणतात. भारतात यासाठी भारतीय लेखामानक ११३ (इंड एएस ११३) लागू आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आयएफआरएस १३ या आंतरराष्ट्रीय मानकावर ते बेतलेले असून केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ते २०१५ मध्ये अधिसूचित केले. रास्त मूल्य केव्हा वापरावे हे अन्य मानके सांगतात. ते कसे मोजावे एवढेच हे मानक सांगते.

'रास्त' या शब्दाने मराठी वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे. रास्त भावाच्या दुकानातील भाव सरकार ठरवते आणि त्यामागे न्यायाचा विचार असतो. लेखाशास्त्रातील रास्त मूल्यात असा विचार नाही. बाजार जे देईल तेच रास्त, मग ते मालकाला कितीही अन्यायाचे वाटो.

संकल्पना

पारंपरिक पद्धतीत मालमत्ता खरेदीच्या किमतीला नोंदवून तीतून घसारा वजा केला जातो. हा आकडा पावतीवरून पडताळता येतो, पण काळ लोटला की त्याचा वास्तवाशी संबंध उरत नाही. रास्त मूल्य हा त्यावरचा पर्याय होय. ते खरेदीचे नव्हे, तर विक्रीचे मूल्य असते. आणि ते मालकाच्या नव्हे, तर बाजारातील ग्राहकाच्या दृष्टीने ठरते. मालकाला जमीन विकायची नाही, ही बाब येथे गैरलागू ठरते. त्या जमिनीवर आज गोदाम असले, तरी निवासी इमारतीसाठी ती अधिक मोलाची असेल व तसा वापर कायद्याने आणि व्यवहारात शक्य असेल, तर मूल्य त्या सर्वोत्तम वापरानुसार काढतात.

मालाची ने-आण करण्याचा खर्च आणि विक्रीचा खर्च यांतही भेद केला जातो. मुख्य बाजारपेठेत शेतमालाचा भाव १०० रुपये, तेथवर नेण्याचा खर्च ४ रुपये व विक्रीचा खर्च २ रुपये असेल, तर रास्त मूल्य ९६ रुपये होते, ९४ नव्हे. वाहतूक मालाच्या ठिकाणामुळे अटळ असते, तर विक्रीचा खर्च हा मालाचा नसून व्यवहाराचा गुणधर्म मानला जातो.

तीन पातळ्या

मोजमापासाठी वापरलेल्या माहितीची विश्वासार्हता तीन पातळ्यांत मांडली जाते. पहिल्या पातळीत सक्रिय बाजारात त्याच वस्तूचा उपलब्ध असलेला भाव येतो. २५० रुपये भावाच्या १,००,००० समभागांचे रास्त मूल्य २.५ कोटी रुपये धरावे लागते. एवढे समभाग एकदम विकल्यास भाव कोसळेल, ही सबब चालत नाही. दुसऱ्या पातळीत तत्सम वस्तूंचे भाव, व्याजदर इत्यादी बाजारात दिसणारी माहिती असते.

खरी अडचण तिसऱ्या पातळीवर येते. बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचे समभाग किंवा एखादे पेटंट यांना दिसणारा भाव नसतो. अशा वेळी भविष्यातील उत्पन्नाचा अंदाज करून ते योग्य वटाव दराने आजच्या मूल्यात आणतात. हा दर एखाद्या टक्क्याने बदलला तरी उत्तर लक्षणीय बदलते. म्हणून वापरलेली गृहीतके व वर्षभरातील फेरबदल टिपांमध्ये उघड करणे बंधनकारक आहे. वार्षिक अहवालाच्या वाचकाने ताळेबंदाइतकेच या टिपांकडेही लक्ष देणे इष्ट.

देण्यांचे मूल्य

देण्याच्या मूल्यात ते न फेडले जाण्याची जोखीमही धरतात. त्यातून एक चमत्कारिक परिणाम संभवतो : कंपनीची पत घसरली की तिच्या रोख्यांचे मूल्य उतरते आणि हिशेबात लाभ दिसतो. दिवाळखोरीकडे जाताना नफा वाढावा, हे कोणासही न पटणारे. म्हणून रास्त मूल्याने मोजण्यासाठी कंपनीने स्वतः निवडलेल्या देण्यांच्या बाबतीत हा लाभ सामान्यतः नफ्या-तोट्यात न घेता इतर सर्वसमावेशक उत्पन्नात दाखवला जातो.

वाद

महाराष्ट्रात दाभोळ वीजप्रकल्पामुळे परिचित असलेल्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीने दीर्घ मुदतीच्या ऊर्जा-करारांचा अंदाजित नफा आधीच नोंदवण्याची पद्धत अवलंबली होती. डिसेंबर २००१ मध्ये तिने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. २००८ च्या आर्थिक संकटात आक्षेप उलट दिशेने आला. गृहकर्जाधारित रोख्यांचा बाजार गोठल्यावर नाइलाजाच्या विक्रीतील पडेल भाव ताळेबंदात घ्यावे लागतात व त्यामुळे घबराट वाढते, असे बँकांचे म्हणणे होते. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने डिसेंबर २००८ च्या अहवालात ही पद्धत स्थगित न करण्याची शिफारस केली. मात्र सक्तीची विक्री हा रास्त मूल्याचा पुरावा नव्हे, हे त्यानंतर अधिक स्पष्ट करण्यात आले.

भारतातील वापर

भारताने येथे काहीसा सावध पवित्रा घेतला आहे. गुंतवणुकीसाठी धारण केलेली स्थावर मालमत्ता आंतरराष्ट्रीय मानकानुसार रास्त मूल्याने नोंदवता येते. भारतीय लेखामानक ४० मात्र केवळ खरेदी-खर्चाची पद्धत मान्य करते आणि रास्त मूल्य टिपांमध्ये देण्यास सांगते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ नुसार, त्या कायद्याखाली आवश्यक असलेले मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून करून घ्यावे लागते.