कापसाचा शेजार

मंडळी, वाळूजच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलात की पुढच्या ट्रककडे जरा नीट बघा. कधीतरी मागच्या बाजूला लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा, कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन दिसेल. मधे ज्वाळेचं चित्र आणि खाली ४ हा आकडा. याचा अर्थ आत 'ज्वालाग्राही घन पदार्थ' आहे. आंतरराष्ट्रीय भाषेत वर्ग ४.१.

आता इंजिनिअरच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हा, की हे ठरवतं कोण आणि कसं? कारण तसं बघायला गेलं तर साखरही जळते, गव्हाचं पीठही जळतं आणि दारातला पाटही जळतो. मग सगळ्यालाच पट्टे का नाही?

उत्तर फार साधं आहे. जळतं का, हा प्रश्नच नाही. किती वेगानं जळतं, हा प्रश्न आहे.

पावडर किंवा दाणेदार पदार्थ असेल तर त्याची एक रेघ घालतात. त्रिकोणी छेदाचा साचा, लांबी २५० मिलिमीटर, रुंदी २० आणि उंची १०. त्यात पावडर भरायची, साचा २० मिलिमीटरवरून तीनदा आपटायचा म्हणजे ती नीट बसते, आणि मग न जळणाऱ्या फरशीवर उलटा करायचा. थोडक्यात, रांगोळीची जाडसर रेघ. एका टोकाला किमान १००० अंश सेल्सिअसची ज्योत लावायची. पहिले ८० मिलिमीटर सोडून द्यायचे आणि पुढच्या १०० मिलिमीटरला घड्याळ लावायचं. ४५ सेकंदांच्या आत आग ते अंतर पार करून गेली की पदार्थ वर्ग ४.१ मध्ये. (धातूच्या पावडरींचे नियम वेगळे आहेत, ते जाऊ दे.)

मला आवडला तो पुढचा भाग. या १०० मिलिमीटरच्या थोडं पुढे रेघेचा एक तुकडा ओला करून ठेवलेला असतो. आग तिथे निदान चार मिनिटं अडली तर धोका कमी दर्जाचा, ओलावा ओलांडून पुढे गेली तर वरच्या दर्जाचा. म्हणजे परीक्षा दोन गोष्टींची. आग किती जोरात पळते, आणि पाण्याला जुमानते का.

पाण्याला न जुमानणारी आग काय करते याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईचं आहे. आणि त्यात पेटलेली वस्तू आपल्या मराठवाड्याच्या घराघरातली. कापूस!

तर झालं असं. दुसरं महायुद्ध चालू होतं. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, लढाऊ विमानं आणि सोन्याच्या १२४ विटा. वाटेत कराचीला थोडं सामान उतरलं. जागा रिकामी झाली, आणि युद्धात रिकामी जागा परवडत नाही. म्हणून तिथे कापसाच्या सुमारे ८७०० गाठी चढल्या. शिवाय वंगणाचं तेल, लाकूड, गंधक वगैरे. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं.

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या कप्प्यातून धूर दिसला. त्या कप्प्यात खाली कापूस होता आणि वर स्फोटकं. पाण्याचा मारा सुरू झाला, जवळपास ९०० टन पाणी आत गेलं. पण दाबून बांधलेल्या गाठीच्या आत पाणी सहज शिरत नाही, वरून विझली तरी ती आत धुमसत राहते. धूर इतका दाट की आग नेमकी कुठे आहे तेच दिसेना. त्यात कापूस तरंगतो. पाणी चढत गेलं तशा पेटत्या गाठी वर सरकत गेल्या, म्हणजे नेमक्या स्फोटकांकडे. जी गोष्ट विझवायला केली तिनंच अंतर कमी केलं.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा, त्याहून मोठा. आजूबाजूची जहाजं बुडाली. पेटत्या गाठी आकाशातून गोदामांवर आणि वस्त्यांवर पडल्या आणि तिथे नव्या आगी लागल्या. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या आठवणीत.

आता गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर). स्फोटकं धोकादायक आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. कापूस पेटतो हे तर शेतकऱ्याचं पोरही सांगेल. माहिती कमी पडली नाही. एकेक वस्तू वेगळी तपासली तर उत्तर बरोबरच होतं. चुकला तो शेजार. आमच्या धंद्यात असं रोज होतं. प्रत्येक मोड्यूल स्वतंत्र टेस्टमध्ये पास, आणि एकत्र जोडले की सिस्टिम कोसळते. फरक एवढाच की आमच्याकडे फार तर शनिवारची रात्र जाते.

पुढे १९४७ मध्ये अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बंदरात अमोनियम नायट्रेटनं भरलेलं जहाज फुटलं, पाचशेहून जास्त माणसं गेली. १९५६ मध्ये धोकादायक मालाच्या वाहतुकीबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या पहिल्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या. आजचे वर्ग आणि पट्टे याच परंपरेतले. या यादीत सुका कापूस ४.१ मध्ये येतो. ओला कापूस मात्र ४.२ मध्ये, कारण ओलाव्यामुळे तो आतल्या आत तापतो. जिनिंगवाल्यांना हे यादी न वाचताच ठाऊक असतं. उलट सुका कापूस घट्ट दाबून, घनमीटरला ३६० किलोच्या वर, बंद कंटेनरमध्ये घातला तर त्याला या नियमांतून सूट आहे. हवाच नाही तर आग पळणार कशी?

पण खरी महत्त्वाची गोष्ट वर्गाच्या पुढची आहे. जहाजांच्या नियमांत एक तक्ता असतो, कोणत्या वर्गाशेजारी कोणता वर्ग चालेल याचा. मोठ्या प्रमाणावर फुटणारी स्फोटकं आणि ४.१ यांच्या चौकटीत ४ हा आकडा आहे. अर्थ असा, की दोघांच्या मधे जहाजाच्या लांबीच्या दिशेनं एक अख्खा कप्पा सोडायचा. फोर्ट स्टिकिनवर दोघं एकाच कप्प्यात होते.

म्हणून मला वाटतं, आपण हे लेबल अर्धवट वाचतो. 'यात काय आहे' एवढंच नाही, 'याच्या शेजारी काय नको' हेही ते सांगत असतं. हे जहाजापुरतं नाही. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्यांपैकी ६ कामगार गेले. आग कशानंही लागो, पेटणाऱ्या मालाच्या शेजारी माणसं झोपलेली होती.

कोणत्या वर्गाशेजारी कोणता वर्ग नको, हे तक्त्यात आहे. कोणत्याच वर्गाशेजारी माणसाचं अंथरूण नको, एवढं कळायला तक्ता लागू नये.