काळा कातळ आणि समुद्रांतील तेल

कोल्हापूर हें काळ्या दगडाचें नगर होय. अंबाबाईच्या देवालयाच्या भिंती, पंचगंगेचा घाट, पन्हाळगडाचे कडे, या सर्वांस ज्या कातळानें आकार दिला, तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं तप्त शिलारसाच्या रूपानें भूगर्भांतून वर आला आणि थरावर थर असा दख्खनच्या विस्तीर्ण प्रदेशावर पसरून थिजला. या दगडानें करवीरच्या भूमीस काळी माती दिली, दुर्ग दिले, देवालयें दिलीं. खनिज तेल मात्र दिलें नाहीं. असें कां व्हावें, आणि याच कातळाचा जो भाग समुद्राखालीं गेला त्यावर देशांतील सर्वांत मोठें तेलक्षेत्र कसें सांपडलें, हा इतिहास मनोरंजक तर आहेच, परंतु बोधप्रदहि आहे.

खनिज तेलाविषयीं एक गैरसमज फार रूढ आहे. पृथ्वीच्या पोटांत तेलाचें एखादें तळें असतें, आणि छिद्र पाडतांच तें उसळून वर येतें, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तेल असतें तें दगडांत. ओल्या वाळूच्या मुठींत जसें पाणी, तसें खडकाच्या कणाकणांमधील सूक्ष्म पोकळ्यांत तेल. तें सांठण्यास चार गोष्टींचा योग जुळून यावा लागतो. पहिली, ज्यांत प्राचीन सूक्ष्म जीवांचे व वनस्पतींचे अवशेष गाडले गेले आहेत असा चिखलाचा खडक खोल जाऊन तापला पाहिजे. तेल जन्मतें तें तेथें. दुसरी, तेल सामावून घेणारा वालुकाश्म किंवा चुनखडक यांसारखा सच्छिद्र खडक जवळ हवा. तिसरी, त्यावर अभेद्य थराचें झांकण हवें. चौथी, थरांची घडण पालथ्या परातीसारखी हवी. कारण पाण्याहून हलकें असलेलें तेल वर वर सरकत जातें आणि अशा घुमटाखालीं अडून राहतें. तेथें वायु सर्वांत वर, मध्यें तेल व तळीं खारें पाणी, अशी त्यांची वांटणी होते.

या कसोटीस दख्खनचा कातळ उतरत नाहीं, कारण थिजलेल्या शिलारसांत तेल जन्मत नाहीं. मग कातळाखालीं काय आहे? कोल्हापूरच्या उत्तरेस या प्रश्नाचें उत्तर मिळालें तें एका संकटाच्या निमित्तानें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेस विनाशक भूकंप झाला. त्या परिसरांतील भूकंपांचीं कारणें शोधण्यासाठीं पुढें कराड येथील केंद्र सरकारच्या संशोधनशाळेच्या वतीनें खोल छिद्रें पाडण्यांत आलीं. त्यांपैकीं गोठणें येथील छिद्र २०१७ मध्यें ३,००० मीटर खोलीस पोंचलें. तेथें बाराशें मीटरांहून कांहींसा अधिक काळा कातळ लागला आणि त्याखालीं लगेच अतिप्राचीन ग्रॅनाइट. दोहोंमध्यें गाळाच्या खडकाचा थर नव्हता. जेथें गाळ नाहीं, तेथें तेलाची आशा नाहीं.

तेलाचा शोध म्हणून दुसरीकडेच लागत गेला. आसामांत डिग्बोई येथें तें १८८९ मध्यें सांपडलें. स्वातंत्र्यानंतर केशवदेव मालवीय यांच्या पुढाकारानें १९५६ मध्यें तेल व नैसर्गिक वायु आयोग स्थापन झाला, आणि १९५८ मध्यें खंबायतेजवळ व १९६० मध्यें अंकलेश्वर येथें तेल लागलें. गुजराथेंतील या भागांत हाच काळा कातळ खोल खचलेला असून त्यावर गाळाचे जाड थर सांचलेले आहेत. तशीच स्थिति समुद्राखालींहि असेल, या तर्कानें १९६० नंतरच्या दशकांत रशियन जहाजाच्या साह्यानें किनाऱ्यापलीकडील समुद्रतळाची पाहणी झाली. पाण्यांत निर्माण केलेल्या ध्वनिलहरी खालच्या थरांवर आपटून परत येतात. त्यांस लागणाऱ्या वेळेवरून थरांचा आकार ताडतां येतो. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर एक विशाल घुमट दिसून आला.

१९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली. कांहीं महिन्यांतच तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला, आणि परदेशी तेलावर अवलंबून असलेल्या भारतास त्याची तीव्र झळ लागली. त्याच सुमारास जपानांत बांधलेली, समुद्रतळावर पाय रोवून उभी राहणारी 'सागर सम्राट' ही वेधननौका त्या घुमटावर येऊन पोंचली. फेब्रुवारी १९७४ मध्यें तेल लागलें. २१ मे १९७६ पासून उत्पादन सुरू झालें. हेंच बॉम्बे हाय, आजचें मुंबई हाय.

येथील मुख्य तेलसांठा मायोसीन युगांतील चुनखडकांत, समुद्रतळाखालीं हजार मीटरांहून अधिक खोल आहे. त्याच्याहि तळाशीं बव्हंशीं तोच दख्खनचा कातळ आहे. ज्यानें जमिनीवर तेल नाकारलें, तोच येथें उंचवट्याच्या रूपानें घुमटाचा पाया झाला.

तेल सांपडलें म्हणजे कार्य संपलें असें मात्र नव्हे. हा चुनखडक एकजिनसी नाहीं. चिखलाच्या पातळ पडद्यांनीं त्याचे अनेक थर केले आहेत, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. दगडांत पोकळी किती हा एक प्रश्न, आणि त्या पोकळ्या परस्परांशीं जोडलेल्या आहेत कीं नाहींत हा दुसरा. वाळूंतून पाणी कसें झिरपतें याचा नियम हेन्री दार्सी या फ्रेंच स्थापत्यविशारदानें १८५६ मध्यें दिझाँ नगराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्तानें मांडला. तेलक्षेत्रांतील खडकांची पार्यता आजहि त्याच्याच नांवानें मोजतात. १९२७ मध्यें श्लुंबर्जे बंधूंच्या मंडळीनें विहिरींत विद्युत्-उपकरण सोडून थरांची परीक्षा करण्याची रीति सुरू केली. विहिरींतून काढलेले दगडाचे नमुने, अशीं मापें आणि ध्वनिलहरी यांच्या योगानें न पाहिलेल्या खडकाचें चित्र सिद्ध होतें.

या चित्राचें मोल मोठें आहे. १९८९ च्या सुमारास मुंबई हायचें उत्पादन शिखरास पोंचलें आणि मग उतरूं लागलें. तरी तेथील निम्म्याहून अधिक तेल अद्याप दगडांतच आहे. पाणी दाबून तेल पुढें ढकलावें, तर तें पाणी सोप्या वाटेनें निसटतें आणि तेल मागें राहतें. चुकीच्या थरांत विहीर खोदली तर अपार द्रव्य वायां जातें. आणि तेल घाईनें उपसलें तर दाब ढळून उरलेलें तेल दुर्लभ होतें. जें घडण्यास कोट्यवधि वर्षें लागलीं, तें पुन्हां घडविणें मनुष्याच्या हातीं नाहीं. म्हणून खडकाच्या स्वभावाची धीरानें केलेली पारख हीच या संपत्तीची खरी राखण होय.