साचा का जपायचा? पेणच्या कारखान्यांपासून पुण्याच्या चित्रपट संग्रहालयापर्यंत

१/ पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्ती वर्षभर घडत असतात. साच्यातून निघालेली मूर्ती सुकते, रंगते, शेवटी तिच्या डोळ्यांची आखणी होते आणि भाद्रपदात ती घरोघरी जाते. दीड, पाच किंवा दहा दिवसांनी तिचे विसर्जन होते. मूर्ती टिकणार नाही, हे घडवणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून तो साचा जपतो. साचा शाबूत असला की पुढल्या वर्षी तीच मूर्ती पुन्हा उभी राहते.

२/ चित्रपटाचेही असेच असते. मूळ निगेटिव्ह हा त्याचा साचा. त्यावरून काढलेल्या प्रती गावोगावच्या पडद्यांवर फिरतात, त्यांवर ओरखडे उठतात, त्या तुटतात, जोडल्या जातात आणि अखेर निकामी होतात. निगेटिव्ह सुरक्षित असेल, तर नवी प्रत काढता येते. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या काही दशकांत मात्र प्रतींबरोबर साचेही नाहीसे झाले.

३/ ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा हा चित्रपट. त्यातील केवळ पहिले आणि शेवटचे रीळ आज उपलब्ध आहे. ही रिळे १९१३ सालच्या मूळ चित्रपटाची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावरही अभ्यासकांत मतभेद आहेत. पूर्ण साचा हाती असता, तर हा वादच उद्भवला नसता.

४/ हे का घडले? पहिले कारण रासायनिक. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा सख्खा भाऊ. तो झपाट्याने पेटतो आणि जळताना स्वतःच प्राणवायू सोडतो, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. जळाला नाही, तरी काळाच्या ओघात तो चिकट होतो आणि शेवटी त्याची भुकटी होते.

५/ दुसरे कारण आर्थिक. कृष्णधवल फिल्मवरील प्रतिमा चांदीच्या कणांची असते. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा त्यांतील चांदीचे मोल चित्रपटाहून अधिक ठरले. अनेक निर्मात्यांनी जुनी रिळे चांदी काढण्यासाठी विकली. त्या व्यवहारात कोणाला काही गैर वाटले नाही, कारण जुन्या चित्रपटाकडे कोणी इतिहासाचे साधन म्हणून पाहतच नव्हते.

६/ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेला ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज ज्ञात नाही. छायाचित्रे आणि जाहिराती उरल्या; ज्या आवाजासाठी लोकांनी गर्दी केली, तो आवाज मात्र गेला. बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ या १९२५ सालच्या मूकपटाचीही तीच गत. सावकाराकडे जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा. त्यात तरुण व्ही. शांताराम यांनी भूमिका केली होती. हा चित्रपट आता केवळ वर्णनांतून आणि स्थिरचित्रांतून भेटतो.

७/ यातील एक दुवा सहसा दुर्लक्षित राहतो. फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे आणि बडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी. चित्रकला, छायाचित्रण आणि मातीकाम त्यांनी शिकून घेतले होते. बाबूराव पेंटर हे तर मुळात चित्रकार आणि शिल्पकार. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते चित्रपटाकडे वळले. आपल्याकडे चित्रपटाचा जन्म चित्रशाळेतच झाला. पुढे मात्र चित्रे संग्रहालयांत गेली आणि रिळे गोदामांत.

८/ ही ताटातूट टाळण्याचे प्रयत्न जगात अन्यत्र झाले. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला चित्रकार हान्स हॉफमन यांनी १९६३ मध्ये आपली चित्रे आणि अडीच लाख डॉलर दिले. त्यातून विद्यापीठाचे कलासंग्रहालय उभे राहिले आणि त्याच्याच छपराखाली पॅसिफिक फिल्म अर्काईव्ह सुरू झाले. चित्र आणि चित्रपट विद्यार्थ्यांनी एकाच इमारतीत अभ्यासावेत, हा त्यामागचा विचार.

९/ त्याच सुमारास, फेब्रुवारी १९६४ मध्ये, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. आरंभी त्याचा संसार फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या जागेत होता. पुढे ते बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या बंगल्यात गेले. जयकर हे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. संग्रहालय विद्यापीठाचे नव्हते. पण शेजारच्या इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी तिथल्या प्रती पाहूनच घडले.

१०/ या संग्रहाचा पाया घातला पी. के. नायर यांनी. जन्म तिरुवनंतपुरमचा, कर्मभूमी पुणे. त्यांनी नाशिकला फाळके कुटुंबाकडे जाऊन उरलीसुरली रिळे मिळवली. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी कृष्णाच्या भूमिकेत आहे. तो आज बराचसा सलग पाहता येतो, याचे श्रेय या शोधाला जाते. १९९१ मध्ये नायर निवृत्त झाले, तोवर संग्रहात सुमारे १२,००० चित्रपट जमा झाले होते. त्यांपैकी सुमारे ८,००० भारतीय.

११/ संग्रहालयात पोहोचले म्हणजे वाचले, असेही नाही. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची जुनी रिळे भस्मसात झाली. त्यांत प्रभातचाही ठेवा होता. यांपैकी पुष्कळ चित्रपट आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवलेले असल्याने पूर्णपणे नष्ट झाले नाहीत. पण मूळ साचा गेला तो गेलाच. उतरवलेली प्रत मूळ रिळाइतकी स्पष्ट कधीच नसते.

१२/ नायट्रेटनंतर आलेली ॲसिटेट फिल्म सहजासहजी पेट घेत नाही. तिचा शत्रू म्हणजे दमट हवा. ओलावा आणि उष्णता मिळाली की ती आक्रसते, वाकडी होते आणि तिला शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागतो. एका रिळात सुरू झालेला हा क्षय शेजारच्या रिळांतही पसरतो. म्हणूनच रंगीत फिल्म शून्याच्या जरा वर, कोरड्या हवेत ठेवावी लागते. हे तापमान वर्षानुवर्षे राखणे हाच अर्काईव्हचा मोठा खर्च.

१३/ आता पुन्हा रायगड जिल्ह्यात येऊ. पेण-रोह्याचा पावसाळा चार महिन्यांचा, आणि हवा फिल्मला सर्वांत मारक. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र सलामी मिळते. पेणच्या कारखान्यांतील कारागिरीला शतकाहून मोठी परंपरा आहे. या सगळ्याचे जुने चित्रण असेल, तर ते बहुधा फोटो स्टुडिओंच्या निगेटिव्हमध्ये, घरगुती रिळांवर, लग्नसमारंभाच्या व्हिडिओ कॅसेटवर. त्यांचा एकच साचा, आणि तोही माळ्यावर.

१४/ मोठ्या चित्रपटांसाठी केंद्राने सुमारे ५९७ कोटी रुपयांचे राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान मंजूर केले. २०२२ मध्ये पुण्याचे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. परंतु आजोबांच्या कॅसेटसाठी कोणतेही अभियान पोहोचणार नाही. ते काम त्या त्या घराचे आणि गावाचे आहे.

१५/ त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. रीळ किंवा निगेटिव्ह माळ्यावरून काढून घरातील सर्वांत थंड आणि कोरड्या कपाटात ठेवावे. आंबट वास येणारे रीळ इतरांपासून वेगळे करावे. जुने रीळ मिळेल त्या प्रोजेक्टरवर चालवून पाहू नये. आधी जाणकाराकडून तपासून घेऊन त्याची डिजिटल प्रत करावी आणि त्यानंतरही मूळ रीळ फेकू नये. आणि चित्रात कोण आहे, कुठले गाव, कोणते साल, हे घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर विचारून कागदावर लिहून ठेवावे.